ल्योंमधलं दुपारचं मोठं जेवण

पॅरिसमधल्या एका नामांकित रेस्टॉरंटमध्ये आईच्या पुढ्यात उकडलेल्या भाज्यांची प्लेट तिसऱ्यांदा आली, तेव्हाही ती काही बोलली नाही. गाजर, फरसबी, बटाटा आणि वर थोडं लोणी. बाबांच्या प्लेटमध्ये मात्र दर वेळी नवं काही येत होतं आणि ते तिच्याकडे बघून ओशाळल्यासारखे जेवत होते. चूक सर्वस्वी माझी होती. टेबल बुक करताना मी नाव, वेळ आणि माणसांची संख्या एवढंच लिहिलं होतं. आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, हे तिथे बसल्यावर वेटरला सांगितलं. अशा स्वयंपाकघरात सॉसचा रस्सा आदल्या दिवसापासून आटत असतो. ऐन जेवणाच्या वेळी ते तिच्यासाठी वेगळं काय उभं करणार?

दोन वर्षांनी मे महिन्यात आम्ही ल्योंला गेलो. या वेळी मी बारा दिवस आधी ई-मेल लिहिला. तिथे आई तीन तास जेवली आणि प्रत्येक प्लेटला बाबांना म्हणाली, “हे चाखून बघा.” त्या दोन जेवणांत मला जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सुट्टीच्या खर्चात असं एखादंच जेवण बसतं. ते घरातल्या प्रत्येकाला मनापासून जेवता यावं, ही माझी तळमळ आहे.

जागा कशी निवडावी

लोक सगळ्यात आधी मिशलिनचे तारे बघतात, तेव्हा त्यांचा अर्थ नीट माहीत असावा. टायर बनवणाऱ्या मिशलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारीने फिरणाऱ्यांसाठी एक गाईड काढलं. १९२६ पासून त्यात चांगल्या जेवणाला तारा मिळू लागला आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशा पायऱ्या आल्या. एक तारा म्हणजे जेवण उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं. हे तारे फक्त अन्नाचे असतात, झुंबरांचे आणि गालिच्यांचे नव्हेत. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन ताऱ्यांच्या मागे लागू नये. एका ताऱ्याचं ठिकाण घ्यावं, आठवड्याच्या मधला वार घ्यावा आणि दुपारची वेळ घ्यावी. स्वयंपाकघर तेच, हातही तेच. पदार्थ थोडे कमी असतात आणि दर रात्रीपेक्षा पुष्कळ उतरलेला असतो. शिवाय जेवण जड झालं तरी चालायला अख्खी संध्याकाळ हाताशी राहते.

शहर म्हणाल तर मी ल्योंच सुचवेन. पॅरिसहून वेगवान गाडीने साधारण दोन तास लागतात. या शहराचा नावलौकिक स्वयंपाकिणींनी उभा केला आहे. श्रीमंतांच्या घरी रांधणाऱ्या बायकांनी नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खानावळी काढल्या आणि लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणू लागले. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांनी १९२१ मध्ये र्‍यू रॉयालवर आपली जागा उघडली. १९३३ मध्ये या आणि त्यांच्या दुसऱ्या, अशा दोन्ही रेस्टॉरंटना तीन-तीन तारे मिळाले. शेतावर वाढलेल्या आणि घरकामाने सुरुवात केलेल्या बाईच्या नावावर एकाच वेळी सहा तारे! फ्रेंच स्वयंपाकाचा चेहरा म्हणून जगाला माहीत झालेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच हाताखाली शिकले. ब्राझिएबाईंची गाजलेली कोंबडी अशी: कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवायच्या आणि मग ती शिजवायची. पांढऱ्या अंगातून काळं दिसतं, म्हणून तिचं नाव ‘अर्ध्या सुतकातली’. ल्योंमध्ये मेन्यूवर ‘दमी-द्य’ वाचलंत तर ते हेच.

बुकिंग

चार ते सहा आठवडे आधी बुक करा. बरीच चांगली रेस्टॉरंटं रविवारी आणि सोमवारी बंद असतात, ऑगस्टमध्ये तर काही ठिकाणं आठवडेच्या आठवडे सुट्टीवर जातात. विमानाची तिकिटं काढण्याआधी हे बघून घ्या. बुकिंगच्या वेळी कार्डाचा नंबर मागतात. शेवटच्या क्षणी रद्द केलंत किंवा गेलाच नाहीत तर माणशी ठरावीक रक्कम कापली जाते, म्हणून रद्द करण्याची मुदत किती तासांची आहे ते वाचून वहीत टिपून ठेवा. दुपारचं जेवण बारा ते दीडच्या दरम्यान सुरू होतं. तीनला पोहोचलात तर कोणी वाढणार नाही. त्या दिवशी चारच्या आधीची कुठलीही गाडी किंवा सहल ठरवू नका.

ई-मेल: या कृतीचा गाभा

टेबल मिळालं की दहा-बारा दिवस आधी एक छोटा ई-मेल लिहा. इंग्रजीत चालतो, फ्रेंचमध्ये असला तर अधिक बरं. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्यावर थांबू नका. फ्रान्समध्ये त्या शब्दात अंडं धरलेलंच असतं, आणि मासे चालतात का असं विचारणारेही भेटतात. चालत नाही ते एकेक करून लिहा. माझा मजकूर असा होता: “आमच्यातल्या एका व्यक्तीला मांस, कोंबडी, मासे, शिंपल्या-कोळंबी आणि अंडी चालत नाहीत. मांस, हाडं किंवा माशांपासून काढलेला रस्सा, जनावराची चरबी, जिलेटिन आणि वासराच्या पोटातल्या रेनेटने लावलेलं चीजही चालत नाही. दूध, लोणी, साय, भाज्या, डाळी, धान्यं, फळं, सुका मेवा, कांदा-लसूण सगळं चालतं. स्वयंपाकात वाइन किंवा ब्रँडी नको. दुसऱ्या एका व्यक्तीला गाय, वासरू आणि डुक्कर चालत नाही. कोंबडी आणि मासे आवडतात. हे जमण्यासारखं नसेल तर कृपया तसं कळवा, आम्ही दुसरा दिवस किंवा दुसरी जागा बघू.”

यातलं प्रत्येक वाक्य का हवं ते सांगते. भाजीच्या सूपचा पाया पुष्कळदा कोंबडीच्या रश्शाचा असतो. सॉसमध्ये वासराच्या हाडांचा आटवलेला अर्क असतो, आणि वर दिसतात नुसते मशरूम. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं. कॉन्ते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीजं रेनेटशिवाय होत नाहीत. आणि ‘काय चालतं’ ही यादी ‘काय चालत नाही’ इतकीच महत्त्वाची आहे. लोणी आणि साय चालते हे कळलं की फ्रेंच स्वयंपाक्याचे हात मोकळे होतात. शेवटच्या वाक्याने त्यांना नाही म्हणायची वाट मिळते, तीही द्यायला हवी. काही शेफ खरंच नाही म्हणतात, आणि प्लेट पुढ्यात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांनी एकच उलट प्रश्न विचारला होता: मध चालेल का? तो वाचला आणि माझी काळजी मिटली. जे मधाबद्दल विचारतात, त्यांनी बाकीचं सगळं वाचलेलं असतं.

ॲलर्जी असेल तर ती वेगळ्या ओळीत, ठळक लिहा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं, मोहरी असे चौदा घटक पदार्थात असतील तर रेस्टॉरंटला सांगावंच लागतं. आवड आणि ॲलर्जी यांची मात्र गल्लत करू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात भांडी, फळ्या, सुऱ्या सगळं वेगळं काढावं लागतं.

घरात सगळेच शाकाहारी असतील आणि खर्चाची तयारी असेल तर पॅरिसचं आर्पेज आहे. तिथले शेफ आलाँ पासार यांनी २००१ मध्ये लाल मांस मेन्यूवरून काढलं. २०२५ पासून तिथे मध सोडला तर सगळं वनस्पतींपासूनच होतं. १९९६ पासून तीन तारे असलेलं हे ठिकाण आहे.

निघताना

कपड्यांचा धसका घेऊ नका. आईने नारायणपेठ नेसली होती, बाबांनी साधा कोट घातला होता. टाय लागला नाही. अर्धी विजार, खेळाचे बूट आणि पाठीवरची मोठी सॅक मात्र हॉटेलवर ठेवा.

वेळेवर पोहोचा. दारात शिरल्यावर तोंडातून पहिला शब्द ‘बोंजूर’ निघाला पाहिजे, मग नाव आणि बुकिंग. हा शब्द न बोलता थेट कामाचं बोलणं फ्रान्समध्ये उद्धटपणाचं समजतात. आपल्याकडे घरात पाहुणा यावा आणि कोणी ‘या, बसा’ म्हणू नये, तसं. टेबल ते दाखवतील, आपणहून जाऊन बसू नका. बसल्यावर, मेन्यू उघडायच्या आधी, ई-मेलची एकदा शांतपणे आठवण करून द्या आणि कोण काय खात नाही ते माणूस दाखवून सांगा. बहुतेक वेळा ते त्यांच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

मेन्यू वाचताना

इथे शब्द फसवतात. फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या पदार्थांचं ठरलेल्या दराचं जेवण. आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते तिथे ‘कार्त’. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. अनेक छोट्या पदार्थांचा लांबलचक मेन्यू बहुधा टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो, एकट्याला देत नाहीत.

भातासाठी फ्रेंच शब्द ‘री’, आणि ‘री द व्हो’ म्हणजे वासराच्या गळ्यातली ग्रंथी. दोन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. ‘न्वा’ म्हणजे अक्रोड, पण ‘न्वा द सँ-झाक’ हा शिंपल्यातला जीव असतो आणि ‘न्वा द व्हो’ हा वासराच्या मांसाचा तुकडा. ‘व्हो’ वासरू, ‘बफ’ गाय-बैल, ‘पोर’ डुक्कर, ‘आन्यो’ कोकरू, ‘कानार’ बदक, ‘व्होलाय’ कोंबडी. ‘तार्तार’ म्हणजे कच्चं. एवढे शब्द लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा आणि तरी अडलंच तर विचारा. पदार्थ समजावून सांगणं हे तिथल्या वेटरचं कामच असतं, आणि ते तो अभिमानाने करतो.

पाणी कुठलं हवं ते लगेच विचारतात. बाटलीचे पैसे पडतात. “युन काराफ दो, सिल वू प्ले” म्हणालात तर नळाचं पाणी सुरईत येतं, फुकट. ते मागायचा तुमचा हक्क आहे आणि २०२२ पासून ही सोय कार्तवर किंवा फलकावर लिहिणंही बंधनकारक आहे. पावाचेही पैसे लागत नाहीत. वाइन घेतलीच पाहिजे असं नाही. घ्यायची असेल तर बजेट बोलून दाखवण्याऐवजी यादीतल्या एका दरावर बोट ठेवून “साधारण अशी” म्हणा, वाइन सांभाळणारा सोमेलिए ओळखतो. तो आधी घोटभर ओततो. आवडली का, हा तो प्रश्न नसतो. बुचामुळे कुबट वास लागला नाही ना, एवढंच तपासायचं असतं. न पिणाऱ्यांसाठी रस, काढे आणि आंबवलेली पेयं पदार्थांशी जुळवून देणारी ठिकाणं आता बरीच आहेत, तेही विचारून बघा.

जेवताना

न मागितलेले घासभर पदार्थ आधी येतील. ते स्वयंपाकघराकडून असतात, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. काटे-सुऱ्यांची रांग बघून गांगरू नका, बाहेरून आत वापरत या. बाबा मात्र थबकले होते. काटा डाव्या हातात, म्हणजे डाव्या हाताने घास? आयुष्यभराची सवय आड येत होती. मी त्यांना सांगितलं की आधी कापून घ्या, सुरी ठेवा आणि काटा उजव्या हातात घ्या. त्यांनी तसं केलं आणि कोणाच्या नजरेलाही आलं नाही. दोन घासांच्या मध्ये हात मांडीवर लपवू नका. मनगटं टेबलाच्या कडेवर टेकलेली असावीत, तिथे तीच रीत आहे.

पाव सुरीने कापायचा नाही. भाकरीसारखा हाताने मोडायचा, एका घासापुरता. छोटी प्लेट नसेल तर तो सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात. सॉससाठी एक चपटा चमचा येतो, त्याच्या कडेला छोटी खाच असते. सॉस प्लेटमध्ये सोडू नका. कित्येक तासांचं आटवणं त्यातच असतं.

बाबांना ब्रेसची कोंबडी होती. ल्योंजवळच्या त्या प्रदेशाची कोंबडी पांढऱ्या पिसांची, निळ्या पायांची आणि लाल तुऱ्याची असते आणि तिचं नाव कायद्याने राखलेलं आहे. सोबत सायीचा सॉस आणि ‘मोरीय’ मशरूम. मोरीय म्हणजे काश्मिरातून येते ती गुच्छीच. आईसाठी शेफने कोंबडी वगळून गुच्छीचा वेगळा पदार्थ रचला होता. मोठ्या गुच्छ्यांच्या पोकळीत हिरव्या वाटाण्यांचं पुरण भरलं होतं, खाली लोण्यात परतलेला पांढरा ॲस्परागस, बाजूला सायीत शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्या. आईने एक गुच्छी काट्याने उघडली. जाळीदार कातडीच्या आत वाटाणा इतका बारीक वाटला होता की तिने दोन बोटांत घेऊन चोळून बघितला, करंजीचं सारण बघावं तसा. मग म्हणाली, “गाळून घेतलाय.” वेटर जवळच उभा होता. मी भाषांतर करून सांगितलं. तो आत गेला आणि परत येऊन म्हणाला, “दोनदा.”

पदार्थ संपला की काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवा; फाकवून ठेवलीत तर तुम्ही अजून जेवताय असा अर्थ होतो. दोन पदार्थांत वीस मिनिटं गेली तरी घाई करू नका. मध्येच उठावं लागलं तर नॅपकिन खुर्चीवर ठेवा.

चीजची गाडी

मुख्य जेवण झालं की गोडाच्या आधी चीज येतं, बऱ्याच ठिकाणी चाकांच्या गाडीवरून. या गाडीला वेळ द्या. वेटर झाकण काढतो तेव्हा आधी वास येतो, ओलसर तळघरासारखा, मग खाली गवताचा आणि ताकाचा. वीस-पंचवीस प्रकार असतात. तीन-चार निवडा: एक बकरीच्या दुधाचं, एक मऊ (ल्योंमध्ये सँ-मार्सेलँ मागा; ते चमच्याने घ्यावं इतकं वाहतं), एक कडक आणि जुनं (कॉन्ते), एक निळ्या बुरशीचं. वेटर ते प्लेटमध्ये सौम्यापासून तिखटापर्यंत गोल मांडतो, तुम्हीही त्याच क्रमाने खा. निळं आधी खाल्लंत तर बाकीच्यांची चव लागणार नाही. समोर त्रिकोणी तुकडा आला आणि तुम्हीच कापायचं असेल तर टोक छाटून घेऊ नका, बाजूने लांब चिरा. मधला मऊ भाग प्रत्येकाच्या वाट्याला यावा, एवढाच त्यामागचा विचार आहे.

रेनेटमुळे आईला त्या गाडीवरचं काही चालणार नव्हतं. तिच्यासाठी न सांगता एक बशी आली: मधातले अक्रोड, सुके जर्दाळू आणि भाजलेल्या पावाचे पातळ काप. मधाबद्दलचा प्रश्न का विचारला होता ते तेव्हा कळलं.

शेवट

मग गोड, त्यामागून इवल्या मिठाया. ल्योंच्या गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट बाबांनी दोनदा घेतला. कॉफी गोडानंतर येते, सोबत नाही, आणि ती बहुधा काळी असते. दूध हवं तर सांगा.

बिल आपण मागेपर्यंत कोणी आणणार नाही. पाहुण्याला उठवल्यासारखं होऊ नये म्हणून तिथे वाट बघतात. “लादिस्यों, सिल वू प्ले” म्हणा. कर आणि सर्व्हिस दोन्ही दरात धरलेले असतात, टिप देणं सक्तीचं नाही. जेवण मनासारखं झालं असेल तर काही युरो नोटांमध्ये ठेवा. बिल तिथेच वाचा, न घेतलेलं काही दिसलं तर शांतपणे विचारा.

आणि उठण्याआधी त्या दिवसाच्या मेन्यूचा कागद मागून घ्या. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. ज्यांच्यासाठी वेगळं रांधलं असेल, त्यांच्या पदार्थांची नावंही लिहून द्यायला सांगा, कारण ती छापलेल्या मेन्यूवर नसतात. आमच्या वेटरने आईच्या पाचही पदार्थांची नावं पेनने लिहून आणली होती, गुच्छीच्या ओळीपुढे शेफची सही. तो कागद आईच्या पाककृतींच्या वहीत आहे, पुरणपोळीच्या पानाला चिकटवलेला.